बावीस इंचाची हौस, पाच इंचाची फांदी

"काका, आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. अंगणात एक आंबा, एक शेवगा, आणि कुंपणाबाहेरून आत झुकलेला एक बदाम. गेल्या जुलैत शेवग्याची फांदी शेडच्या पत्र्यावर पडली. त्याच्या आधी रस्त्यावरचा गुलमोहर छाटला तेव्हा मिस्टरांनी 'बसायला स्टुलं करू' म्हणून चार ओंडके मागून घेतले. ते कोपऱ्यात तसेच पडून आहेत, त्यांच्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. मिस्टर मार्चमध्ये निवृत्त झाले. मोबाइलवर बघून बघून त्यांनी २२ इंचाची, ५८ सीसीची पेट्रोलवरची चेनसॉ (साखळीवर चालणारी करवत) पसंत केली आहे, साडेसहा हजारांची. 'एकदा घेतली की आयुष्यभर बघायला नको' म्हणतात. मुलगा म्हणतो, बॅटरीची छोटी घ्या. मला वाटतं काहीच घेऊ नये, वर्षातून दोनदा तर लागणार. तिघांत कोणाचं बरोबर?"
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

ताई,

तुमच्या घरात मतदान घेतलं तर निकाल लागणार नाही, म्हणून मीच देतो. साहेबांची ५८ सीसी नको. मुलाची छोटी बॅटरीवाली या कामाला पुरणार नाही. तुमचं 'काहीच नको' हे उभ्या झाडांपुरतं शंभर टक्के बरोबर. ओंडके धड असतील तर त्यांच्यासाठी मात्र वायरवर चालणारी, १४ इंचाची इलेक्ट्रिक घ्यायला माझी हरकत नाही. कारणं सविस्तर लिहितो, साहेबांना वाचून दाखवा. 'काका असं म्हणतात' म्हणू नका, 'छापून आलंय' म्हणा. माणूस निवृत्त झाल्यावर छापलेल्यावर जरा जास्त विश्वास ठेवतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा. आंब्याची जी फांदी नडते तिचा घेर मोजा आणि त्याला तीनने भागा, साधारण जाडी मिळते. अंगणातल्या आंब्याची नडणारी फांदी बहुतेक वेळा १५-१६ इंच घेराची निघते, म्हणजे जाडी पाच इंच. गुलमोहराचा ओंडका ३० इंच घेराचा असला तरी जाडी दहाच्या आत. आता मशीनकडे बघा. साखळी ज्या पट्टीवरून पळते तिला बार म्हणतात आणि इंच सांगतात ते त्या बारचे. १४ इंचाच्या बारने १२ इंच जाडीचं लाकूड एका दमात जातं, ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूनेही कापलं तर त्याहून जाड. २२ इंचाचा बार लागतो तो वीस इंची बुंधा आडवा करायला. असा बुंधा तुमच्या अंगणात असलाच तरी तो साहेबांनी कापायचा नाही, त्याकडे पुढे येतो.

मग लोक मोठी का घेतात? कारण किमतीत फरक दिसत नाही. साडेसहा हजारांत २२ इंच मिळतंय तर १४ का घ्यायचं, हा आपला भाजीबाजारातला हिशेब. पण बार लांब झाला की त्याचं टोक तुमच्यापासून लांब जातं, आणि या यंत्रात सगळा धोका त्या टोकात बसलेला असतो. चालू साखळीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला, मागच्या फांदीला, जमिनीला, कुंपणाच्या तारेला, तर साखळी लाकडात शिरायच्या ऐवजी अडकते आणि आख्खी मशीन वर, तुमच्या तोंडाच्या दिशेने उसळते. पापणी लवायच्या आत. हे चुकून, क्वचित होणारं नाही, यंत्राच्या रचनेतच आहे. म्हणून पुढच्या मुठीसमोर हाताला आडवी ढाल असते. मशीन उसळली की ती मनगटावर आपटते आणि साखळी जागीच थांबवणारा चेन ब्रेक लागतो. हा चेन ब्रेक नसलेली मशीन फुकट मिळाली तरी घरात घेऊ नका. आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून वळसा घालून पकडायचा, बोटांच्या ओळीत वर ठेवायचा नाही. व्हिडिओत निम्मे लोक तो वरच ठेवतात.

५८ सीसीची मशीन बार, पेट्रोल आणि ऑइल धरून सात किलोच्या आसपास भरते. सात किलोचं कलिंगड दोन हातांत, अंगापासून लांब धरून दहा मिनिटं उभं राहायला सांगा साहेबांना. तेही कलिंगड थरथरत नसताना.

आता पेट्रोलचं. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण हे मी भोगलंय.

सोमवार, १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून समुद्रातून वर सरकत होतं आणि इकडे ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या गल्लीतला गुलमोहर सोसायटीच्या गेटावर आडवा झाला. आमच्या शेजाऱ्यांकडे मशीन होती. आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं, त्याच्या धसक्याने घेतलेली. एकदा चालवून पाहिली, पुसली, खोक्यात घालून माळ्यावर टाकली. ती आता वाजतगाजत खाली आली. दोरी त्यांनी ओढली, मी ओढली, वॉचमनने ओढली. चोक लावून ओढली, चोक काढून ओढली. प्लग काढला, पुसला, गॅसवर तापवून परत बसवला. चाळीसेक वेळा ओढून झाल्यावर मी टाकीचं झाकण उघडून वास घेतला, तर पेट्रोलचा वासच नाही, जुन्या वार्निशच्या डब्याचा वास. वर्षभर टाकीत राहिलेलं पेट्रोल. आम्ही तिघे पावसात मशीनभोवती गोल उभे, तोवर पलीकडच्या गल्लीतली दोन पोरं कोयता आणि वाकड्या चौकटीची हातकरवत घेऊन आली आणि माणूस जाण्याइतकी वाट मोकळी करून गेलीसुद्धा. पुढे दुरुस्तीवाल्याने कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पोचवणारा भाग, उघडून दाखवला. आत काकवीसारखा चिकट थर, आणि सुईच्या अग्राएवढी भोकं त्याने बुजलेली.

ही फक्त आमच्या शेजाऱ्यांची गोष्ट नाही. वर्षातून दोनदा चालणाऱ्या प्रत्येक टू-स्ट्रोक इंजिनाची हीच रड. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. बेलापूरच्या पावसाळ्यात माळ्यावर ओल किती असते ते पापडाचा डबा उघडला की कळतंच. उपाय आहे: काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. पण हे दर वेळी न चुकता करणारा माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल मोजून मिसळावं लागतं. मशीनचं पुस्तक २५ला १ म्हणत असेल तर लिटरला ४० मिली, ५०ला १ म्हणत असेल तर २० मिली. साहेबांनी लुना किंवा जुनी स्कूटर चालवली असेल तर त्यांना हे आठवेल, तेव्हा पंपावरच मिसळून मिळायचं. आता घरी मापाने करायचं आणि एकदा जरी विसरलं तरी पिस्टन जागच्या जागी जाम.

आणि आवाज. पेट्रोलची मशीन कानाशी शंभर डेसिबलच्या वर जाते. चार्ल्स कोरियांनी तुमची वसाहत आखली तेव्हा सात-सात घरं एकेका लहान चौकाभोवती बसवली, शेजार टिकावा म्हणून. त्या चौकात रविवारी दुपारी ही मशीन सुरू केलीत तर उरलेल्या सहा घरांशी पुढचे गणपती कसे जातील ते तुम्हीच बघा.

मुलगा म्हणतो ती बॅटरीची छोटी, चार-सहा इंचाची. ती वाईट नाही, मनगटाएवढ्या फांदीला छान. फक्त दोन गोष्टी. खोक्यावर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असले भारी आकडे छापतात, त्यांना भुलायचं नाही. त्या बॅटरीत बहुतेक वेळा पाच सेल एकापुढे एक असतात आणि पूर्ण भरल्यावर ते २१ व्होल्ट देतात, बाकीचे व्होल्ट छापखान्यातले. दुसरं जास्त गंभीर आहे. ती एका हाताने चालते, म्हणून दुसरा हात आपसूक फांदी धरायला जातो. चालू साखळीपासून वीतभर अंतरावर आपलीच बोटं! स्वस्तातल्या कित्येक छोट्या मशीनना चेन ब्रेकही नसतो. चांगल्या कंपन्यांच्या ३६ किंवा ४० व्होल्टच्या मोठ्या मशीन खरोखर उत्तम आहेत, पण बॅटरी आणि चार्जर धरून किंमत ऐकली की तुमचं 'काहीच नको' हे मत घरात एकमताने मंजूर होईल. शिवाय बॅटरी वापरा न वापरा, म्हातारी होतेच.

राहिली वायरवाली. १८०० ते २००० वॉट, १४ किंवा १६ इंच बार, वजन चार-पाच किलो. बटण सोडलं की थांबते, वर्षभर पडून राहिली तरी पुन्हा बटण दाबलं की चालते, आणि तुमच्या अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत वायर पोचते. वर्षातून दोन दिवसांसाठी हाच गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. १८०० वॉट म्हणजे जवळजवळ आठ अँपियर, तेव्हा मोबाइल चार्जरच्या पॉइंटवर नाही, गीझर लावता तसल्या १६ अँपियरच्या पॉइंटवर. एक्स्टेन्शन अडीच एमएमच्या वायरीचं बनवून घ्या आणि वापरताना रिळावरून सगळी वायर उलगडून टाका, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. घरच्या पॅनेलमध्ये ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनला विचारा. वायर कापली गेली तर तो जीव वाचवतो. वायर उजव्या खांद्यावरून पाठीमागे सोडायची, पायांत नाही. पावसात बंद. भुरभुर असली तरी बंद.

घेताना आणखी काय बघायचं? चेन ब्रेक सांगितलाच. साखळीला ऑइल आपोआप जातं का, आणि हीच साखळी आणि हाच बार सुटा कुठे मिळतो. दुकानदार 'मिळून जाईल' म्हणाला तर त्याला साखळीचं माप विचारा. सांगता आलं नाही तर पुढच्या वर्षी मुंबईतल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजाराच्या फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतील. आणि साखळीचं ऑइल वेगळं, पेट्रोलमधलं टू-टी वेगळं. साखळीचं ऑइल ठेवून दिलेल्या मशीनमधूनही थोडं गळतं, खाली पुठ्ठा ठेवा, बिघडली म्हणून परत पाठवू नका.

आता उभी झाडं. तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण साहेबांच्या मनात आंबा आहे हे मला इथे ठाण्यात बसून दिसतंय.

बदाम तुमचा नाहीच, त्याचा बुंधा कुंपणाबाहेर आहे. आंबा तुमचा, अंगण तुमचं, तरी महाराष्ट्राचा १९७५चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा खासगी जागेतल्या झाडालाही लागू आहे. त्यात 'झाड पाडणे' या शब्दांत झाड कापणं, जाळणं आणि कुठल्याही तऱ्हेने इजा करणंही येतं. तेव्हा पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, बेलापूर विभाग कार्यालयात चौकशी केलीत तरी वाट दाखवतील. अर्जात तिन्ही झाडांची नावं घाला, शेवग्यासकट, जोडीला फोटो. आणि हे एप्रिलच्या आत. मेमध्ये सगळ्या शहराला एकदम पाऊस आठवतो.

परवानगी आली तरी आंब्यावर साहेब चढणार नाहीत. तीन गोष्टी चेनसॉने कधीच करायच्या नाहीत: खांद्याच्या वर धरून कापणं, शिडीवर उभं राहून कापणं, एका हाताने कापणं. आंब्याची फांदी या तिन्हींत बसते. ते काम दोर बांधून, फांदी झेलत खाली उतरवणाऱ्या माणसांचं. त्यांच्याकडून करून घेताना तुम्ही खाली उभ्या राहून एवढंच बघा: जड फांदी वरून एका दमात कापली तर ती तुटताना बुंध्याची साल लांबवर सोलत नेते. म्हणून आधी बुंध्यापासून फूटभर लांब, खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून कापून फांदी पाडायची, आणि शेवटी उरलेला खुंट, जिथे फांदीच्या मुळाशी साल जाड कड्यासारखी फुगलेली असते, त्या कड्याच्या बाहेरून छाटायचा. कडं राहिलं तर जखम भरून येते.

शेवग्याला मशीन लावणं म्हणजे मेणाला कुऱ्हाड. लाकूड इतकं ठिसूळ की फांदी शेंगांच्या वजनानेही मोडते, तुमचा पत्रा त्याचाच बळी. शेंगा संपल्या की पावसाआधी हातकरवतीने छातीएवढ्या उंचीवर उतरवा, पुन्हा फुटतो. वाकड्या पात्याची, घडी होणारी छाटणीची करवत काही शे रुपयांत मिळते. ती तर घ्याच, बाकी काही घ्या न घ्या.

म्हणजे मशीनला उरले फक्त ओंडके. जमिनीवर ठेवून कापू नका. साखळी एकदा मुरमात घुसली की धार गेली, अक्षरशः दोन सेकंदांत. सुतारासारखी लाकडी घोडी करा आणि ओंडक्याचा कापायचा भाग घोडीच्या बाहेर काढा, म्हणजे कापलेला तुकडा खाली पडतो. दोन्ही टोकं टेकलेली असतील तर मधे कापताना वरची फट मिटत जाते आणि बार आत चिमटला जातो. तसं वाटलं तर फटीत लाकडी पाचर ठोका, मशीन हिसडू नका. आणि ओंडका रस्त्यावरच्या गुलमोहराचा आहे हे विसरू नका. रस्त्यावरच्या झाडाला कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फलक ठोकलेले असतात. फलक जातात, खिळे राहतात आणि साल त्यांच्यावरून वाढते. फ्रिजवरचं लोहचुंबक सालीवरून फिरवून घ्या. मी एकदा फिरवलं नव्हतं. एक ठिणगी उडाली, 'खर्र' झालं आणि नव्या साखळीचे तीन दात बोथट.

बर्म्युडा आणि स्लीपर घालून नाही, हे सांगायला लागू नये. फुल पँट, जाड बूट, चष्मा, कानाला काहीतरी. आणि तुम्ही ओढणी किंवा पदर घेऊन फांदी धरायला जाऊ नका, 'जरा धर गं' म्हटलं तरी.

धार गेली हे भुशावरून ओळखायचं. धारदार साखळी ढलप्या काढते, बोथट साखळी पीठ काढते आणि धूर करते. दातांचा आकार अंगठा वाकवल्यासारखा का असतो याची मोठी छान गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात किड्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे आलटून-पालटून डावीकडे, उजवीकडे चालत होते. तसेच दात त्याने साखळीला केले आणि पुढच्या वर्षी घराच्या तळघरात कारखाना काढला. आज तुम्ही दुकानात जी साखळी बघाल तिचे दात त्या अळीचेच. घरगुती मशीनच्या साखळीला बहुतेक वेळा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, पुस्तकातलं माप बघून घ्या. प्रत्येक दाताला एकाच दिशेने तीन-चार हात, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या. निवृत्त माणसाला यासारखं दुपारचं काम नाही, चहा ठेवा आणि बघत बसा.

पहिल्या दिवशी साखळी उलटी बसेल. माझीही बसली होती. मशीन जोरात ओरडते, धूर येतो, लाकडावर नुसता काळा पट्टा उठतो आणि माणूस कंपनीला शिव्या घालतो. वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे बघत असली पाहिजे, एवढंच.

आणि हे सगळं मागवायच्या आधी एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोपऱ्यात जा. गुलमोहराचं लाकूड मऊ, त्यात एक पावसाळा खाल्लेलं, वर छत्र्या आलेल्या. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबा. टणक लागला तर १४ इंचाची मागवा. इंचभर आत गेला, तर स्टुलांचं साहेबांना तुम्ही सांगा, मी नाही सांगणार. ओंडके आंब्याच्या बुंध्यापासून हातभर लांब सरकवून तसेच कुजू द्या, खत होईल.